राईतला पोकळ बेहडा आणि डोहातले मासे

प्रश्न : आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या गावात देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला आहे. सभामंडप वाढवायला देवीच्या नावाने राखलेल्या राईतली सात मोठी झाडं काढायची, लाकडाचे पैसे बांधकामाला लावायचे आणि बदल्यात शंभर रोपं लावायची, असं गावबैठकीत ठरलं. त्यात एक जुना बेहडा आहे. तो आतून पोकळ, म्हणून ‘तसाही कामाचा नाही’ म्हणतात. मी नोकरीसाठी मुंबईत. बोलायला गेलो तर ‘शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याने आम्हाला शिकवू नये’ असं ऐकावं लागलं. देवराईचा खरंच काही उपयोग असतो, की ही नुसती आपली भावना?

उत्तर : आधी त्या बेहड्याचं बोलते, कारण सातांपैकी सगळ्यात कामाचं झाड तेच असावं. धनेश पक्ष्याला स्वतःची ढोली कोरता येत नाही. त्याला म्हाताऱ्या, जाड बुंध्याच्या झाडात आपसूक झालेली पोकळीच लागते आणि कोकणात ती बऱ्याचदा बेहड्यात मिळते. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी ढोलीत शिरते, विष्ठा आणि फळांचा गर लिंपून तोंड बंद करते आणि बोटभर फट ठेवून तीनेक महिने आत राहते. पंखांची पिसंही आतच गाळते. त्या फटीतून तिला भरवणारा नर या काळात मेला तर तिचं आणि पिल्लांचं कठीणच. असं घरटं असलेल्या झाडाखाली मी कितीदा तरी बसले आहे. खाली बियांचा सडा असतो : वड-पिंपळाच्या कुळातली फळं, काजऱ्याच्या बिया आणि कुठल्या कुठल्या डोंगरावरून आलेलं काहीबाही. एका राईतल्या बेहड्याखाली मला अशी रोपं दिसली, ज्यांची आईझाडं त्या अख्ख्या राईत नव्हती. तुमची शंभर रोपं उद्या शंभरही जगली, तरी त्यांतल्या एकात ढोली व्हायला तुमच्या नातवंडांनाही म्हातारं व्हावं लागेल.

मेच्या सुट्टीत गेलात की बुंध्याभोवती बिया पडल्या आहेत का बघा आणि ढोलीच्या तोंडाशी लिंपण दिसतं का तेही बघा. मात्र लांबूनच.

राई हे काही झाडांचं गोदाम नव्हे. पडलेलं खोडही उचलायचं नाही, पाचोळा झाडायचा नाही, चपला बाहेर काढायच्या हे नियम आपल्या वाडवडिलांनी देवीच्या नावाने घातले. त्यातून काय साधलं, ते जमिनीत हात घालून बघा. बाहेर कातळ तापलेला असताना राईतली माती बोटांना गार लागते. पाचोळ्याच्या थराखाली भूछत्रं असतात, गोमी असतात, कुजणारं लाकूड असतं आणि त्यावर जगणारे किडे असतात. वर गारंबीसारखा वेल मांडीएवढा जाड होतो, कारण त्याला पिढ्यान्‌पिढ्या कोयता लागलेला नसतो. लागवडीतून झाडं मिळतील, ही माती मिळणार नाही.

‘नुसती भावना’ म्हणता, म्हणून सांगते. सत्तरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. त्या सुमारास श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी स्वतः होऊन त्यांना गाठलं. राईतल्या झाडांवर तोडीच्या खुणा झाल्या होत्या आणि गावचं बारमाही पाणी त्याच राईतून येत होतं. पुढे ती तोड रद्द झाली. अलीकडचं उदाहरण दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे गावचं. तिथल्या देवराईत रानजायफळाची दलदल सापडली. पाण्यातून गुडघ्यासारखी मुळं वर काढून श्वास घेणारी ही झाडं आहेत. क्षेत्र जेमतेम २.५९ हेक्टर. २०२१ मध्ये सरकारने ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. तोपर्यंत ते राखलं कोणी? देवाच्या भीतीने आणि मायेने, गावानेच.

आता बैठकीत काय बोलायचं? एकट्याने उभं राहू नका. गुरव, मानकरी आणि राईखालच्या झऱ्यावर पाणी भरलेल्या म्हाताऱ्या बायका सोबत घ्या. त्यांचं ऐकतील. गुरवांना एवढंच विचारा, देवीला कौल लावला तेव्हा ‘मंडप वाढवू का’ असं विचारलं, की ‘तुझी झाडं तोडू का’ असंही? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दुसरा न विचारता कुऱ्हाड लावणं हे रीतीतच बसत नाही. सातबारा काढून जागा कोणाच्या नावावर आहे बघा, कारण तोडीची परवानगी त्यावर ठरते. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कागदावर तरी असेलच, तिला लेखी अर्ज द्या. आणि देवळाला माझा विरोध नाही. मंडप मोकळ्या अंगाला न्या, लहान ठेवा, भोवती फरश्या घालू नका. एका गावात मी मंडपापायी राईच्या मध्यावर ऊन आलेलं बघितलं. दोन पावसाळ्यांत तिथे रानमोडीचं तण माजलं होतं आणि खाली एकही रोप उरलं नव्हतं. मला त्या दिवशी रडू आलं.

प्रश्न : महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीतले देवीचे मासे कोणी धरत नाही. एका डोहाने नदीचं काय भलं होणार?

उत्तर : पुष्कळ होतं. तिथे वरदायिनी देवीच्या नावाने राखलेले महसीर जातीचे मासे आहेत. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मासा खोल डोहांत गोळा होतो आणि नेमका तेव्हाच तो धरायला सोपा असतो. त्या चार महिन्यांत एक डोह राखला, तर अंड्यावरच्या मोठ्या माद्या जगतात आणि पावसाचं पाणी चढलं की वरच्या अंगाला जाऊन अंडी घालतात. मोठी मादी अंडीही जास्त घालते. म्हणून डोह राखताना वरचा प्रवाहही बघा : बंधाऱ्याने वाट अडली आहे का, गोट्यांचा-वाळूचा उपसा चालू आहे का. मासे राखले आणि त्यांची अंडी घालायची जागाच नेली, असं होऊ देऊ नका.