लांब बघा म्हणतात ते का?

प्रश्न : ताई, नुकतीच कार शिकलेय. शिकवणारे दादा सारखे सांगायचे, बॉनेटकडे बघू नका, लांब बघा. लांब बघितलं की गाडी खरंच सरळ जाते! पण आपण नेमके कुठे चाललोय हे डोळ्यांना कळतं कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादांनी लाखमोलाची गोष्ट सांगितलीये. एकदा सरळ रस्त्यावर एसटीत अगदी पुढच्या सीटवर बसून बघा. कडेची झाडं सपासप मागे जातात, त्यांच्या पुढची जरा हळू, आणि असं लांब लांब बघत गेलं की एक जागा अशी सापडते जी हलतच नाही, बाकी सगळं तिच्यातून फुलासारखं उमलत चहूबाजूंना पसरत येतं. ती जागा म्हणजे तुमची दिशा. गाडी जरा भरकटली की हा स्थिर ठिपका लगेच रस्त्यावरून बाजूला सरकतो. बॉनेट तर तुमच्यासोबतच चाललंय, ते काय सांगणार? जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वैमानिकांचा अभ्यास करताना हे ओळखलं आणि १९५० च्या पुस्तकात मांडलं.

पण खरी गंमत पुढेच आहे, कारण आपले डोळे एका जागी थोडेच थांबतात! कडेचा मैलाचा दगड नजरेनं धरून ठेवलात तर डोळ्याच्या पडद्यावर तो दगडच स्थिर होतो, म्हणजे मेंदूनं नुसत्या त्या चित्रावर विश्वास ठेवला तर गाडी दगडाकडे चाललीये असं वाटायला हवं, पण तसं होत नाही. डोळा किती वळवला याचा हिशोब मेंदूकडे असतो, शिवाय डोळा वळला की जवळचं-लांबचं सगळं सारखंच सरकतं आणि आपण पुढे गेलो की जवळचं जास्त सरकतं, या फरकावरूनही तो डोळ्याची हालचाल वजा करतो. स्क्रीनवर नुसते ठिपके पसरताना दाखवले तरी माणसं एक-दोन अंशांच्या चुकीत दिशा सांगतात, मला याचं फार नवल वाटतं. माकडांच्या मेंदूत तर एमएसटी नावाच्या भागात अशा पसरणाऱ्या चित्रालाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्यात.

वळणावर मात्र असा सोपा ठिपका मिळत नाही. लँड आणि ली या संशोधकांनी १९९४ मध्ये ड्रायव्हरांची नजर मोजली, तर वळण यायच्या एक-दोन सेकंद आधीच ती रस्त्याच्या आतल्या कडेवर जाऊन टेकत होती. तुमचीही जात असणार, पण हे तपासायचं ते शेजारच्या सीटवर बसून हं, स्टिअरिंग हातात असताना नको.