ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) शोमध्ये डीजे आवाज वाढवतच नेतो, मग साउंड इंजिनिअर तो आटोक्यात कसा ठेवतो?

आवाज सगळा डीजेच्याच हातात असतो असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नसतं. त्याच्या मिक्सरमधून निघालेला सिग्नल आमच्या कन्सोलवर येतो, तिथून प्रोसेसरमध्ये आणि मग अ‍ॅम्प्लिफायरला जातो. प्रोसेसरमध्ये लिमिटर लावलेला असतो. त्यामुळे डीजेने नॉब कितीही पिळला तरी ठरावीक हद्दीपलीकडे स्पीकर जात नाहीत, गाणं नुसतं फाटायला लागतं. पुण्यात आणि गोव्यात बारा वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डीजे लाल दिव्यांत जातो, म्हणजे मिक्सरच्या मीटरवर हद्द ओलांडतो, तो बहुतेक वेळा मस्तीने नाही, त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही म्हणून. मुख्य स्पीकरांची तोंडं लोकांकडे असतात, त्याच्या वाट्याला येतो तो मागे सांडलेला गढूळ बेस. म्हणून साउंडचेकला मी आधी बूथ मॉनिटर (डीजेकडे तोंड असलेला त्याचा स्वतःचा स्पीकर) दणदणीत लावून देतो. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी कन्सोलवर सहा डेसिबल हातचे राखून ठेवलेले असतात. त्याने वाढवलं की मी हळूच तेवढंच उतरवतो. (हे वाचणाऱ्या डीजे मंडळींनी राग मानू नये.)

दुसरी गोष्ट वेळेची. आवाज एका क्षणाचा मोजून भागत नाही, सरासरी बघावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा सांगितली ती १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डीबीए (माणसाच्या कानाला धरून, 'ए' पद्धतीने मोजलेले डेसिबल). तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे १०३ वर साडेसात मिनिटं वाजवलं की पंधरा मिनिटांचा कोटा खलास. म्हणून संध्याकाळी पहिला डीजे ९२-९३ वर ठेवायचा आणि तिथून रात्रभर थोडं थोडं चढायचं. सात वाजताच १०० गाठलेत तर मुख्य कलाकार आल्यावर द्यायला हातात काही उरत नाही, आणि लोकांचे कान तोवर बधिर झालेले असतात. माझेही होतात. दोन तासांनंतर मी कानावर विश्वास ठेवत नाही, मीटर बघतो. ड्रॉप (गाण्यात बेस एकदम कोसळतो ती जागा) मोठा वाटायला हवा असेल तर त्याच्या आधीचा भाग खाली असावा लागतो. चांगल्या डीजेला हे सांगावं लागत नाही.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे बेस. मागे पुण्याच्या पश्चिमेला एका मोकळ्या मैदानावर दोन दिवसांचा शो होता. पहिल्या दिवशी साडेआठच्या सुमारास शेजारच्या वस्तीवरचे एक काका थेट कन्सोलपाशी आले. म्हणाले, "गाणं काय ऐकू येत नाय हो, पण फळीवरची भांडी नाचत्यात." मी मीटर घेऊन त्यांच्यामागे मोटरसायकलवर गेलो. घर स्टेजच्या मागे, पाचेकशे मीटरवर. अंगणात ५४ डीबीए. नियमात निवासी भागाला दिवसा ५५ चालतात, म्हणजे कागदावर आम्ही धुतल्या तांदळासारखे! मग मीटर 'ए'वरून 'सी'वर टाकला, तर ७६. 'ए' मोजणी खालचे स्वर जवळजवळ सोडूनच देते आणि या संगीताचा सगळा जीव तिथेच. ५० हर्ट्झची लाट सुमारे सात मीटर लांब असते, तिला पत्र्याची भिंत काय अडवणार? घरात फळीवर पितळी पातेलं होतं. प्रत्येक किकला (ड्रमच्या जाड ठोक्याला) त्याचं झाकण टिणटिणत होतं.

त्या रात्री सब (फक्त बेस वाजवणारे मोठे स्पीकर) चार डेसिबल उतरवले आणि अगदी खालचे स्वर छाटले. दहाला तर नियमाने बंदच करायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सब नव्याने मांडले. तिनांतला एक उलट, तोंड स्टेजकडे करून, त्याला काही मिलिसेकंदांचा डिले (उशीर) आणि पोलॅरिटी उलटी, म्हणजे त्याची लाट उलट दिशेने. याला कार्डिऑइड मांडणी म्हणतात. मागच्या बाजूला दोन्हीकडचा बेस एकमेकाला मारतो, पुढे मात्र जवळपास तसाच राहतो. आयोजक कुरकुरले, कारण एक खोका 'वाया' गेला असं त्यांना वाटलं. पण स्टेजवरचाही बेस निवळला आणि त्या रात्री डीजे एकदाही लाल दिव्यांत गेला नाही.

संध्याकाळी परत काकांकडे गेलो. 'सी'वर ६६. त्यांनी चहा टाकला होता, त्याच पातेल्यात. झाकण गप्प होतं.