प्रावरण हे कोणाचे पांघरूण?

प्रश्न असा आहे: भूगोलात पृथ्वीचे तीन भाग शिकवतात, भूकवच, प्रावरण आणि गाभा. कवच म्हणजेही आवरण, प्रावरण म्हणजेही आवरण. मग बाहेरचे कोणते हे मुलांनी कसे ओळखायचे? आणि 'आवरण' हा साधा शब्द असताना 'प्रावरण' हा जड शब्द कशाला?

मला तो जड वाटत नाही. रोज रात्री तो आपण अंगावर ओढतो. संस्कृतात प्रावरण म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र. हेमचंद्राने १२व्या शतकातल्या आपल्या प्राकृत व्याकरणात त्याचे 'पंगुरण' हे रूप नोंदवले आहे, आणि तेच आपले पांघरूण. प्रावरणाला इंग्रजीत 'मँटल' म्हणतात, त्याचा मूळ अर्थही अंगावरचा झगाच. पारिभाषिक शब्द इतका नेमका बसलेला क्वचित सापडतो.

आता हे पांघरूण कोणाचे, तर गाभ्याचे. कवच साऱ्या पृथ्वीचे, अंड्याच्या टरफलासारखे. एवढे सांगितले की मुलांचा क्रम चुकणार नाही.

कवच आणि प्रावरण यांच्यामधली सीमा कोणी खणून पाहिलेली नाही. कोयना परिसरात गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागला. पण तोही कवचाचाच भाग. जमिनीवर कवच साधारण ३० ते ४० किलोमीटर जाड असते. त्याखालचे कळले ते भूकंपलहरींमुळे. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियात झाग्रेबजवळच्या कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. तिथल्या वेधशाळेचे प्रमुख आंद्रिया मोहोरोविचिच यांनी ठिकठिकाणच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा काही केंद्रांवर एकाच धक्क्याच्या प्राथमिक लहरी, म्हणजे भूकंपाच्या सर्वांत वेगवान लहरी, दोनदा पोचलेल्या दिसल्या. काही लहरी वरच्या थरातून सरळ आल्या होत्या. काही खोल उतरून, लांबच्या वाटेने आल्या, आणि दूरच्या केंद्रांवर याच आधी पोचल्या! गावातल्या रस्त्यापेक्षा वळसा घालून महामार्गाने जाणारा आधी पोचावा, तसे. म्हणजे खाली लहरींचा वेग एकदम वाढत असला पाहिजे. कवचात तो सेकंदाला सहा-सात किलोमीटर असतो, प्रावरणात शिरताच आठच्या आसपास जातो. त्यांनी ही सीमा ५४ किलोमीटरवर मांडली. हीच 'मोहो विलगता'.

'पांघरूण' म्हटल्यावर मऊपणा डोळ्यांपुढे येतो, तेवढा बाजूला ठेवायला हवा. प्रावरण म्हणजे उकळत्या लाव्ह्याचा समुद्र, ही समजूतही खोटी आहे. प्राथमिक लहरींच्या मागून येणाऱ्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र जातात. तेव्हा ते घन खडकाचेच आहे. लाखो वर्षांच्या हिशेबात तो खडक संथपणे सरकतो, ही गोष्ट वेगळी. या लहरी अडतात त्या सुमारे २,९०० किलोमीटरवर, बाह्य गाभ्याच्या तोंडाशी. तिथे पांघरूण संपते.

माझी तक्रार आहे ती 'विलगता' या शब्दाबद्दल. विलग म्हणजे सुटे झालेले, त्यामुळे मुलांना तिथे फट असावीशी वाटते. फट मुळीच नाही. खडकाला खडक भिडलेला असतो, तुटते ते लहरींच्या वेगाचे सातत्य. 'वेगबदलाची सीमा' म्हटले तर चित्र लगेच स्पष्ट होते. वर्गात मी तेच म्हणेन आणि परीक्षेपुरते 'विलगता' लिहायला सांगेन.