रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक दुकानदाराच्या घरात वाढला म्हणतात, ते खरं का? त्याच्या सिनेमांत ते कुठे दिसतं का?

खरं आहे. वडील विल्यम हिचकॉक भाजी, फळं आणि कोंबड्या विकायचे. लंडनच्या पूर्वेला लेटनस्टोनमध्ये दुकान आणि त्याच्याच माडीवर घर. आल्फ्रेड तिथेच १३ ऑगस्ट १८९९ ला जन्मला, तीन भावंडांतलं शेंडेफळ. पुढे ही मंडळी लाइमहाउसला गेली आणि मासळीही विकू लागली.

पोलिसांचा किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो. चार-पाच वर्षांचा असताना वडलांनी हातात चिठ्ठी देऊन त्याला पोलीस चौकीत पाठवलं. साहेबाने ती वाचली, पोराला पाच-दहा मिनिटं कोठडीत कोंडलं आणि म्हणाला, वात्रट पोरांचं आम्ही हेच करतो. हिचकॉक हे जन्मभर सांगत राहिला. तिखटमीठ किती, देव जाणे.

सगळे कोठडीवर बोलतात. माझं लक्ष चिठ्ठीवर जातं, कारण आमचं वेंगुर्ल्याच्या बाजारात किराणा दुकान होतं. दुकानदाराचं पोर म्हणजे फुकटचा पोस्टमन. आत काय लिहिलंय ते विचारायचं नाही. एकदा बाबांनी मला एका काकींकडे पाठवलं. त्यांनी उंबऱ्यातच चिठ्ठी वाचली, घडी घालून पदराच्या टोकाला बांधली, मला कोकम सरबत दिलं आणि म्हणाल्या, "झिला, बापाशीक सांग, शिमगो झालो की देतलंय." उधारीचा तगादा मीच घेऊन गेलो होतो, हे कळायला मला पाच-सहा वर्षं लागली. हिचकॉकच्या सिनेमांत काही न केलेला माणूस भलत्याच भानगडीत सापडतो, तेव्हा मला ते सरबत आठवतं.

दुसरं म्हणजे बघत बसणं. घरी पाहुणे जमले की आपण कोपऱ्यात गप्प बसून नुसतं बघायचो, असं तो सांगायचा. गिऱ्हाइकाच्या वेळी गोणीवर बसलेल्या कुठल्याही पोराला हे शिकवावं लागत नाही. केळी पिकवायच्या खोलीचीही त्याला आठवण होती, गॅसच्या ज्योतींची ऊब आणि त्यांचा फुसफुस आवाज. आमच्याकडे आंब्याची अढी पेंढ्यात, आवाजबिवाज काही नाही, पण मे महिन्यात माजघरात तो वास असा कोंडायचा की झोप लागत नसे.

आणि थेट दुकानच बघायचं असेल तर १९७२ चा 'फ्रेन्झी' बघा. लंडनचा घाऊक भाजीबाजार, खुनी फळांचा व्यापारी, आणि मढं बटाट्याच्या पोत्यात. ट्रक पळतोय, खुनी मागे पोत्यांत चाचपडतोय आणि बटाटे रस्त्यावर सांडतायत. हे मी बाबांबरोबर टीव्हीवर पाहिलं. मढ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "पोत्याचं तोंड नीट शिवलेलं नाही," एवढंच म्हणाले.