मुंबईत जीवाश्म सापडतात का, आणि त्यांचं वय कशावरून ठरवतात?

तुम्ही विचारलंय की जीवाश्म शोधतात कसे, जपतात कसे, त्यांचं वय कोटी वर्षांत कोण ठरवतं, आणि आपल्या मुंबईत असं काही मिळालंय का. मी भूशास्त्र शिकवते आणि मुंबईतच राहते, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

हो, मिळालंय. वरळीच्या टेकडीतल्या गाळाच्या थरात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले आणि १८४७ साली लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. डायनोसॉर हे नाव देणारे तेच ओवेन. त्या बेडकाला आज इंडोबॅट्राकस म्हणतात. मुंबईच्याच थरांतल्या एका कासवाला २००३ साली संकुचेमिस हे नाव मिळालं.

आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात हाडं टिकण्याची आशा जवळपास नाहीच. पण एक लोट निवल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ जाई. तेवढ्यात तळी साचत, झाडी वाढे, बेडूक-कासवं नांदत, आणि पुढचा लोट आला की तो सगळा गाळ त्याच्याखाली बंद होई. दोन लोटांमध्ये अडकलेल्या या गाळाला आम्ही इंटरट्रॅपियन थर म्हणतो. वरळीचे बेडूक असल्याच थरातले.

शोधायची सुरुवात नकाशापासून होते. योग्य वयाचा गाळाचा खडक कुठे उघडा पडलाय ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशांवर बघायचं आणि पावसाळा सरल्यावर तिथे चालायला लागायचं. पावसाने उतार धुऊन निघालेले असतात, गवत वाळत आलेलं असतं. ओढ्याचे काठ, खाणी, रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्या, सगळं नजरेखालून घालायचं. उतारावर हाडाचा तुकडा दिसला तरी तिथेच खणत नाहीत, कारण तो वरून घरंगळत आलेला असतो. माग काढत वर जायचं, थर सापडेपर्यंत. हाड की दगड अशी शंका आली तर तुकडा जिभेला लावून बघायची जुनी पद्धत आहे: हाड सच्छिद्र असेल तर जिभेला चिकटतं.

आणि शोध फक्त हाडांचा नसतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे डायनोसॉरच्या काळातली, दगड झालेली विष्ठा विपुल मिळते. २००५ साली तिच्यात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत होतं याचा इतका ठोस पुरावा नव्हता. विदर्भातल्या शेणखड्यांनी जगभरातली समजूत बदलली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

जपणुकीचं काम जीवाश्म सापडतो त्या जागेवरच सुरू होतं. भेगाळलेल्या हाडात पातळ केलेलं रेझिन, म्हणजे डिंकासारखं चिकट द्रव्य, मुरवतात, तेही असं की नंतर अॅसिटोन या द्रावकाने काढता येईल. मग ओल्या कागदाचा थर, त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. भोवतालच्या दगडासकट अख्खा गठ्ठा उचलून प्रयोगशाळेत न्यायचा आणि तिथे सुईने, ब्रशने कण कण सोडवायचा. इतकं करूनही हाती काही उरेलच असं नाही. तमिळनाडूतला ब्रुहत्कायोसॉरस १९८७ साली नाव मिळालेला महाकाय प्राणी, पण त्याची हाडं प्लास्टरच्या वेष्टनातच भुगा झाली. आज उरलीत ती वर्णनं, रेखाटनं आणि थोडे फोटो. हे वर्गात सांगताना मला दर वेळी जड जातं.

आता वय. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो तो कार्बनमुळे. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरतच नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातला प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराचे बुंधे मिळाले होते, तसल्या लाकडासाठी कार्बन ठीक. वरळीच्या बेडकासाठी निरुपयोगी.

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्माचं वय सहसा हाडात मोजत नाहीत, आजूबाजूच्या लाव्ह्यात मोजतात. लाव्ह्यात पोटॅशियम असतं. त्यातल्या पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकाराचा काही भाग फार सावकाश अरगॉन वायूत बदलतो. ते निम्मं व्हायला १२५ कोटी वर्षं लागतात. लाव्हा थिजला की पुढे तयार होणारा अरगॉन खडकातच अडकतो. किती साठला ते मोजलं की थिजल्याला किती काळ झाला ते कळतं. मुंबईकरांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे पवईच्या आयआयटीत ही मोजणी होते, आणि त्याआधी दगडाचा नमुना ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवलेला असतो. त्या माऱ्याने पोटॅशियमचा काही अंश अरगॉन-३९ होतो, म्हणजे पोटॅशियम आणि साठलेला अरगॉन हे दोन्ही घटक एकाच यंत्रात, एकाच नमुन्यावर मोजता येतात.

खालचा लोट जीवाश्माहून जुना, वरचा नवा. दोन्हींची वयं मिळाली की मधला बेडूक कात्रीत सापडतो. २००१ साली मनोरी आणि साकी नाक्याच्या ज्वालामुखी खडकांची वयं अनुक्रमे ६ कोटी ४ लाख आणि ६ कोटी १८ लाख वर्षं आली, सहा-सहा लाख वर्षं इकडेतिकडे. डायनोसॉर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे त्यांच्यानंतरही मुंबईत लाव्हा वाहत होता.

म्हणूनच जीवाश्म नुसता उचलून आणला तर त्याचं वय तिथेच राहून जातं. कपाटातल्या सुट्या हाडाबद्दल आम्ही फारसं सांगू शकत नाही. तुम्हाला खाणीत किंवा रस्त्याच्या कटिंगमध्ये काही दिसलं तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जवळून एक आणि अख्ख्या थराचा एक. मोबाइलवर जागेचं लोकेशन टिपून घ्या, वस्तू तिथेच राहू द्या आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. खाण चालू असेल तर त्याच दिवशी कळवा.