उन्हाळ्याच्या तोंडावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शेवग्याची वाळकी फांदी तोडायला घेतली, तर तिला खालच्या अंगाने गोल भोक दिसले. तोडावी का?

थांबा. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, काठ गुळगुळीत, तोंड जमिनीकडे, म्हणजे हे बहुधा तांबट पक्ष्याचे काम. दुपारी ‘टुक्-टुक्’ करणारा तोच. टणक लाकूड त्याच्या चोचीला दाद देत नाही, म्हणून शेवग्या-पांगाऱ्याच्या मऊ, मेलेल्या फांद्या तो हेरतो. खाली ताजा भुसा पडत असेल तर कोरणे चालू आहे. नर-मादी पाळीपाळीने आत बसत असतील तर अंडी, चोचीत फळे आणत असतील तर पिल्ले. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्ले उडायला आणखी पाच. फांदी लटकत असेल तर टेकू द्या. पुढेही ती राहिली तर बरेच; रात्री झोपायला तांबटाला अशीच ढोली लागते.

प्रश्न : गच्चीत पाणी ठेवले, पण पक्षी येत नाहीत, डास मात्र झाले.

भांडे बहुतेक खोल असेल. मातीचे पसरट घ्या, पाणी दोन इंचांपेक्षा जास्त नको, मधे एक खडबडीत दगड ठेवा. गुळगुळीत प्लास्टिकवर पाय घसरतात, स्टील तापते. जागा सावलीची, जवळ बसायला फांदी हवी. पण मांजर दबा धरून बसेल अशी झुडपे लगत नकोत. पाणी रोज ओतून द्या आणि काथ्याने घासा, साबण नको. डासाच्या अळ्यांना वाढायला आठवडाभर लागतो. रोज पाणी बदलले की प्रश्नच मिटतो. पक्ष्यांना जागेची सवय व्हायला मात्र वेळ लागतो, चार दिवसांत भांडे उचलू नका.

प्रश्न : पहाटे चारपासून कोकिळा ओरडते. एवढे का?

ओरडतो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. ठिपक्यांची मादी नुसते ‘किक्-किक्’ करते. कावळ्यांची घरटी बांधून झाली की हा गोंगाट वाढतो, कारण अंडी तिथेच घालायची असतात. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांआधी अंड्यातून बाहेर येते आणि भरवण्यात पुढे राहते. घरटे पाडून आवाज थांबणार नाही.

प्रश्न : पिंपळाची नवी पाने तांबडी आहेत. रोग आहे का?

नाही. कोवळ्या पानात हिरवे द्रव्य कमी आणि लाल रंगद्रव्य जास्त असते. दोनेक आठवड्यांत हिरवी होतील. औषध फवारू नका.