हवामानबदलावरून बापलेकीत अबोला

अमेरिकेतल्या एका वाचक ताईंनी विचारलंय: कॉलेजात जाणारी लेक आणि तिचे बाबा हवामानबदलावरून इतके भांडतात, की घरात हा विषयच बंद करावा का?

ताई, बंद करू नका. त्यातून लेक एवढंच शिकेल, की मत जुळलं नाही तर बोलणं थांबवायचं. मला वाटतं, तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न एकाच भांडणात अडकलेत.

पृथ्वी तापतेय का आणि कशामुळे, हा विज्ञानाचा प्रश्न. त्याचं उत्तर मिळालेलं आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत उष्णता धरून ठेवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ४२०च्या वर आहेत, आणि ही वाढ माणसामुळेच झाली. शांतता टिकावी म्हणून इथे ‘दोघांचंही थोडं बरोबर’ असं म्हणू नका. मात्र लेक ‘अमुक वर्षांत जग संपणार’ म्हणत असेल, तर विज्ञान तसं सांगत नाही, हे तिलाही सांगा. तापमान वाढेल तसं नुकसान वाढत जातं.

करायचं काय, हा खरा राजकारणाचा प्रश्न. कार्बनवर कर लावावा का, अणुऊर्जा हवी का, खर्च कोणी सोसायचा? बाबांना वीजबिलाची, नोकऱ्यांची काळजी वाटत असेल, तर त्यांना विज्ञानविरोधी ठरवणं अन्यायाचं आहे.

हवामानबदलावरून अमेरिकेतल्या डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोन मोठ्या पक्षांत झालेली फाळणी पहिल्यापासूनची नाही, हे दोघांनाही दाखवा. १९९२च्या रिओ परिषदेतल्या हवामान करारावर रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनीच सही केली. २००८मध्ये डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पेलोसी आणि रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच याच विषयावरच्या जाहिरातीत एका सोफ्यावर बसले होते. तीनच वर्षांनी गिंग्रिच त्या जाहिरातीला आपला मूर्खपणा म्हणू लागले. या काळात विज्ञान उलटलं नव्हतं, पक्षातलं वारं फिरलं होतं.

परदेशात आलेल्या आपल्या माणसांना हे वारं लवकर लागतं. ऑफिसातल्या, शेजारातल्या लोकांत सामावायचं असतं, मग त्यांच्या पक्षाची मतं गठ्ठ्यानेच घरी येतात. यात बाबा एकटे नाहीत. कॉलेजातही हेच होतं.

म्हणून बोलणं पक्षापासून नको, एखाद्या ठोस गोष्टीपासून सुरू होऊ दे. पवनऊर्जेत अमेरिकेत पहिलं राज्य आहे रिपब्लिकनांचं टेक्सास. ते कसं घडलं, हे बापलेकीला मिळून शोधायला सांगा.